खांद्यावरची लोकर

माझा आजा म्हसवडचा सणगर, घोंगड्या विणणारा. कातर सुरू झाली की धनगरांच्या वाड्यावर जायचा आणि मेंढ्याच्या खांद्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बघायचा. टोकं उन्हानं तांबूस झालेली असायची, मुळाशी काळंभोर निघालं की म्हणायचा, "ह्यो ठिवा, इकू नगा." कळपात मेंढे मोजकेच, बाकीचे नर विकायचे. म्हणजे जो ठेवला त्याचाच पुढचा कळप. दख्खनी मेंढराची पैदास पिढ्यान्‌पिढ्या अशी अंगठ्यांनी ठरत आली.

लोकर तरी किती? वर्षाच्या दोन कातरी मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, तीही राठ. पण त्या राठपणावरच घोंगडी पाऊस झेलते. मऊ हवी तर कोकराच्या पहिल्या कातरीची, जावळाची विणायची. सरकारी पैदास केंद्रांना मात्र राठपणा हा दोष वाटला. मेरिनो, रॅम्बुले मेंढे आणून लोकर बारीक करायचे प्रयोग झाले. ते गिरणीच्या सोयीचं होतं. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत पायी हिंडणाऱ्या मेंढराच्या नव्हे.

लोकर खरी हरली ती मटणापुढे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढे सहा महिन्यांच्या वजनावर निवडले जाऊ लागले. धनगरांनी आपणहून जतकडचे माडग्याळ मेंढे कळपात सोडले: उंच, बाकदार नाकाचे, अंगावर लोकर नावापुरती, पण कोकरं बघता बघता भरतात. फलटणच्या निंबकर संस्थेनं 1990च्या दशकापासून वेगळीच वाट धरली. सुंदरबनातली गारोळ मेंढी जेमतेम 12-15 किलोची, पण जुळी-तिळी देणारी. जुळ्यांमागचं तिचं बूरूला जनुक दख्खनीत उतरवून 'नारी सुवर्णा' घडवली. एरवी दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या कामाचं मोल कळतं.

धनगराला मी बोल लावत नाही. कोकरं विकून पोरांच्या शाळा होतात; लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही. (आमचा माग कधीच मोडीत निघाला, त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडी कुरकुर चिकटलेली असणारच.)

गेल्या खेपेला बाजारात एक गिऱ्हाईक मेंढ्याची पाठ चाचपत होतं, मणक्याच्या दोन्ही अंगांना बोटं रुतवून. मेंढा माडग्याळी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. माझा हात सवयीनं खांद्याकडे गेला. फाकवायला लोकरच नव्हती.