कठीण आणि मृदू चुंबकीय पदार्थांचे नॅनोस्तरीय युग्मन : एका संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्थायी चुंबकाकडून दोन गुणांची अपेक्षा असते. त्याचे चुंबकन प्रबळ असावे आणि विरुद्ध चुंबकीय क्षेत्रापुढे ते टिकून राहावे. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात पुरेशा प्रमाणात क्वचितच आढळतात. लोखंडाचे संपृक्त चुंबकन सुमारे २.१५ टेस्ला असते. परंतु अल्पशा विरुद्ध क्षेत्रानेही त्याची दिशा उलटते. म्हणून लोखंडास मृदू चुंबकीय पदार्थ म्हणतात. याउलट निओडिमियम-लोह-बोरॉन हे संयुग कठीण आहे, पण त्याचे चुंबकन १.६ टेस्लाच्या आसपास असते. या दोन प्रकारच्या पदार्थांचा नॅनोमीटर पातळीवर संयोग घडवून दोन्ही गुण साधण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. तत्त्व सिद्ध होऊनही अपेक्षित चुंबक का घडला नाही, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकातील चुंबकांचा इतिहास हा मुख्यतः नव्या मिश्रधातूंच्या शोधाचा इतिहास आहे. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी १९१७ साली कोबाल्टयुक्त पोलादाचा चुंबक तयार केला. १९३१ साली तोकुशिची मिशिमा यांच्या संशोधनाने अल्निको चुंबकांचा मार्ग खुला केला. १९६० च्या दशकात समेरियम-कोबाल्ट चुंबक पुढे आले. १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांच्या स्वतंत्र संशोधनांतून निओडिमियम चुंबक साकारला.

एक वेगळी दिशा मात्र १९५६ मध्येच दिसली होती. डब्ल्यू. एच. माइकलजॉन व सी. पी. बीन यांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या आवरणातील कोबाल्टच्या सूक्ष्म कणांचा अभ्यास केला. दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवरील अणूंमध्ये होणारी विनिमय आंतरक्रिया संपूर्ण कणाचे चुंबकीय वर्तन बदलू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

संकल्पनेचा उदय

१९८८-८९ मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत आर. कूहूर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीघ्र थंड केलेल्या मिश्रधातूपासून एक चुंबक तयार केला. त्यात निओडिमियमचे अणू सुमारे ४ टक्केच होते आणि मोठा भाग मृदू लोह-बोरॉन संयुगाचा होता. तरीही तो स्थायी चुंबकासारखा वागला. १९९१ साली जर्मनीतील ई. क्नेलर व आर. हाविग यांनी या वर्तनाची तात्त्विक मांडणी करून ‘विनिमय-स्प्रिंग चुंबक’ ही संज्ञा रूढ केली.

मृदू भाग पुरेसा लहान असल्यास सीमेवरील कठीण भाग त्याला आपल्या दिशेत धरून ठेवतो. विरुद्ध क्षेत्र लावले असता मृदू भागातील चुंबकन सीमेपासून दूर जाताना क्रमाने पिळले जाते; क्षेत्र काढताच ते स्प्रिंगप्रमाणे पूर्वस्थितीत येते. मात्र त्यासाठी मृदू भागाची जाडी साधारण १० नॅनोमीटरच्या मर्यादेत राहावी लागते.

१९९३ साली आर. स्कोम्स्की व जे. एम. डी. कोई यांनी अशा रचनेची ऊर्जाक्षमता प्रति घनमीटर १ मेगाज्यूलपर्यंत जाऊ शकेल, असे गणिताने दाखविले. तत्कालीन उत्तम चुंबकांच्या दुपटीहून हे मूल्य अधिक होते.

सिद्धी आणि मर्यादा

१९९८ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत ई. ई. फुलर्टन व सहकाऱ्यांनी समेरियम-कोबाल्ट आणि लोखंड यांच्या पातळ थरांवर हे तत्त्व पडताळून पाहिले. २००२ साली हाओ झेंग व सहकाऱ्यांनी लोह-प्लॅटिनमच्या नॅनोकणांपासून प्रति घनमीटर सुमारे १६० किलोज्यूल ऊर्जाक्षमता मिळविली. युग्मनाविना त्या पदार्थाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १०३ किलोज्यूल होती.

तथापि १ मेगाज्यूलचे भाकीत मोठ्या आकाराच्या चुंबकात उतरलेले नाही. त्यासाठी मृदू भाग सूक्ष्म राहणे, कठीण कणांचे अक्ष एकाच दिशेत असणे आणि पदार्थ सघन असणे या तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. सघनतेसाठी उष्णता दिली की कण वाढतात. कण नॅनोआकाराचे ठेवले की त्यांना एका दिशेत मांडणे कठीण होते. एक अट पाळताना दुसरी मोडते, हीच येथील खरी अडचण आहे.

हेच तत्त्व हार्ड डिस्कमध्ये मात्र उपयोगी पडले. २००५ साली आर. एच. व्हिक्टोरा व एक्स. शेन यांनी कठीण आणि मृदू थरांच्या युग्मित माध्यमाची कल्पना मांडली. कठीण थर नोंद टिकवतो, तर मृदू थर ती लिहिणे सुलभ करतो. पातळ थरांत रचनेवर नियंत्रण ठेवता येत असल्याने येथे यश मिळाले.

निष्कर्ष

२०१० मध्ये चीनने विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या निर्यातीवर आणलेली बंधने, तसेच एप्रिल २०२५ मध्ये समेरियम, डिस्प्रोशियम आदींवर लादलेले निर्यात नियंत्रण यांमुळे कमी विरल मृत्तिका वापरणाऱ्या चुंबकाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. विनिमय-स्प्रिंग चुंबकाचा इतिहास असे दर्शवितो की, पदार्थाची सैद्धांतिक सीमा निश्चित करणे आणि ती गाठणारी रचना घडविणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत. पहिले कार्य १९९३ पर्यंत बऱ्याच अंशी पार पडले. दुसरे अद्याप अपूर्ण आहे. म्हणूनच या संकल्पनेचे मूल्यमापन करताना भाकिताच्या आकड्याइतकाच निर्मितिप्रक्रियेचा विचार होणे आवश्यक ठरते.