बाटल्या लहान होत्या

१९८४ साली मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका औषध प्रयोगशाळेत अ‍ॅनिमल हाऊसला लागलो. घाटकोपरहून बस पकडायची आणि साडेसातला पिंजऱ्यांसमोर हजर. पहिल्याच आठवड्यात बोटं पिवळी झाली. कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, "काय, हळद लागली वाटतं?" हळद कसली, पिक्रिक आम्ल होतं ते.

रक्तातून लघवीत जाणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात पिक्रिक आम्ल आणि अल्कली मिसळली की नारिंगी रंग येतो, हे माक्स याफेने १८८६ साली सांगितलं. शंभर वर्षांनी आमचं मूत्रपिंडाची गाळण मोजण्याचं सगळं काम त्याच रंगावर चालायचं. लघवीतलं क्रिएटिनिन गुणिले मिनिटागणिक लघवी, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन. हिशेब शाळकरी पोराचा. त्यासाठी चोवीस तासांची लघवी थेंबही न सांडता गोळा करायची, खरं काम तिथे होतं.

गाळण मोजायची ती मधुमेही रॅटची, आणि रॅटला मधुमेह करायचा तो स्ट्रेप्टोझोटोसिनने. हे औषध मुळात मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं प्रतिजैविक. त्याने मधुमेह होतो, हे दाखवणारा अमेरिकेतला निबंध १९६३चा. त्यावर दोन राकिएटन आणि तिसरे एम. व्ही. नाडकर्णी! ते नाव वाचून मला उगीचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी इकडे गोरेगावला सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र सुरू झालं. मुलुंडचं हेक्स्टचं १९७२चं. उपनगरांत औषधांचे नुसते कारखाने नव्हते, शोधही लागत होते. हेक्स्टवाल्यांनी फोर्स्कोलिन हे औषधी द्रव्य काढलं ते ज्या झाडातून, त्याच्याच मुळांचं लोणचं घाटकोपरच्या गुजराती घरांत 'गरमर' म्हणून खातात.

असो. मेटाबॉलिक केजमध्ये रॅट जाळीवर बसतो. खालच्या नरसाळ्यातून लेंड्या एकीकडे, लघवी दुसरीकडे. निरोगी रॅट दिवसाला दहा-वीस मिलिलिटर करतो. आमच्या बाटल्या पन्नासच्या. मधुमेही रॅट पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतो आणि शंभराच्या वर जातो. रात्री बाटली भरून वाहायची, सकाळी फरशी ओली. सफाईवाला पुसून टाकायचा आणि आम्ही पन्नासच लिहायचो.

साहेब आकडे पाहून खूश: मधुमेही गटाची गाळण उतरलेली, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं! प्रत्यक्षात मधुमेहात सुरुवातीला गाळण उलट वाढते. माणसातही तेच, मूत्रपिंड आधी जास्त राबतं, मग दमतं. आमची वाढ फरशीवर सांडत होती.

मी दीड महिन्याने तोंड उघडलं. नव्या मुलाचं कोण ऐकतं? शेवटी एका रात्री तिथेच थांबलो आणि दर तीन तासांनी बाटली बदलली. गाळण चढलेली निघाली.

याफेच्या रंगातही खोट होती. माइसच्या, म्हणजे लहान उंदरांच्या, रक्तात क्रिएटिनिन नसलेले पदार्थही तो रंग देतात, म्हणून गाळण आहे त्यापेक्षा कमी दिसते. इन्युलिन शरीरात सोडून गाळण मोजायची पद्धत १९३०च्या दशकापासून पक्की मानलेली, पण तीत गुंगी द्या, नळ्या घाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या १९९८च्या नियमांनंतर जनावर वापरायला समितीची परवानगी लागू लागली. आता तर सिनिस्ट्रिन नावाचं चमकणारं द्रव्य टोचून कातडीवरच्या छोट्या यंत्राने मोजतात. लघवी लागतच नाही.

त्या दीड महिन्याचे मधुमेही गटाचे आकडे नोंदवहीत तसेच राहिले. ते चूक आहेत.