खिडकींतील आमरी

बाजारांत ऑर्किड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींना मराठींत आमरी म्हणतात. त्यांचा संग्रह करणें हा श्रीमंतांचा छंद, अशी समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती समजूत इंग्लंडांतील काचघरांनीं निर्माण केली. आणि आमरीच्या बाबतींत सर्वांत मोठी चूक झाली ती याच काचघरांत. डिलाईल रोडवरील एखाद्या चाळींत खिडकीच्या गजाला पहिली कुंडी टांगूं पाहणाऱ्या माणसानें त्या चुकीचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. कारण नवशिक्याच्या हातून पहिल्या महिन्यांत बहुधा तीच चूक होते.

डिलाईल रोडचें नांव आतां ना. म. जोशी मार्ग असें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र जुनें नांव टिकून आहे. १९२० सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें येथें चाळी उभारल्या. प्रत्येक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. अशा बिऱ्हाडांत बाग म्हणजे खिडकीबाहेर तारेनें बांधलेला डबा व त्यांतील तुळस. तुळशीला माती, रोजचें पाणी व भरपूर ऊन मानवतें, तेव्हां आमरीलाही तें मानवेल असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आमरी मरते ती बहुधा या समजुतीमुळेंच.

आमरीच्या बहुसंख्य जाति जमिनींत न वाढतां झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांना बांडगूळ समजणें चुकीचें आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषून घेतें; आमरी केवळ आधार घेते आणि पाऊस, दंव व सालींत साचलेला पालापाचोळा यांवर निर्वाह करते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही गोष्ट नवी नव्हती. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हेडे यानें ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲमस्टरडॅम येथें छापला गेला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनीं त्या कामीं साह्य केलें, आणि त्यांचें १६७५ सालचें नागरी लिपींतील निवेदन पहिल्या खंडांत छापलेलें आहे. शेवटच्या खंडांत आमरीचीं चित्रें आहेत. त्यांच्या मलबारी नांवांत ‘मर’ म्हणजे झाड हा शब्द येतो. वनस्पति कोठें राहते हें तिच्या नांवांतच सांगितलेलें होतें.

इंग्लंडांत मात्र हें ध्यानांत यावयास बराच काळ लोटला. १८१८ सालच्या सुमारास विल्यम कॅटली या व्यापाऱ्याच्या काचघरांत ब्राझीलची एक आमरी फुलली. जॉन लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्या वंशाला कॅटलीचें नांव दिलें, आणि धनिकांत आमरीचें वेड पसरलें. उष्ण देशांतील वनस्पति म्हणजे तिला कडक उष्णता, दाट सावली व सदैव ओलावा हवा, असा तर्क करून काचघरें बंद ठेवण्यांत आलीं. जहाजांतून आलेल्या असंख्य आमऱ्या त्या कोंदट वाफेंत कुजून गेल्या. त्यांपैकीं कित्येक थंड हवेच्या उंच डोंगरांवरून आणलेल्या होत्या, हें विचारांत घेतलें गेलें नाहीं. डेव्हनशायरच्या ड्यूकनें १८३५ सालीं जॉन गिब्सन या तरुण माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें. १८३७ सालीं तो खासी टेकड्यांतून मोठा संग्रह घेऊन परतला. ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानें निरनिराळ्या आमरींसाठीं निरनिराळ्या उष्णतेचीं घरें राखलीं व त्यांत वारा खेळूं दिला. तेव्हां कोठें आमरी जगूं लागली.

आमरी जगूं लागल्यानें मात्र अरण्यांचें रक्षण झालें नाहीं. उलट मागणी वाढली. आल्बर्ट मिलिकन या संग्राहकानें १८९१ सालच्या आपल्या प्रवासवृत्तांत नोंद केली आहे कीं, दक्षिण अमेरिकेंत सुमारें दहा हजार आमऱ्या मिळविण्यासाठीं चार हजारांच्या आसपास झाडें तोडावीं लागलीं.

मुंबईंत या विद्येचा आरंभ निराळ्या वृत्तीनें झाला. जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यांतील अधिकारी. फावल्या वेळांत त्यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. १८३९ सालीं, ग्रंथ छापून पूर्ण होण्यापूर्वींच, त्याचें खंडाळ्यास निधन झालें, आणि उरलेलें काम जोसेफ निम्मो यानें तडीस नेलें. १८६१ सालीं डॅलझेल व अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रमुख थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. पुढें गॅमी, ब्लॅटर व मकॅन यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आमरींविषयीं लिहिलें, आणि १९६६ सालीं फादर सांतापाव व कापडिया यांचा ‘दि ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ आला. वनस्पति कोठें व कोणत्या महिन्यांत आढळते, हें पाहून लिहून ठेवणें, हें या सर्वांचें काम होतें. ग्रॅहॅमसारख्या हौशी माणसानेंही आरंभ केला तो यादीनें.

या निरीक्षणांतून सह्याद्रीच्या आमरीचें वर्ष स्पष्ट होतें. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. नंतर सुमारें आठ महिने कोरडे. या कोरड्या काळासाठीं कित्येक आमऱ्या जाड खोडांत पाणी सांठवितात व पानें गाळून स्वस्थ राहतात. डेंड्रोबियमची एक पांढरी जाति हिवाळ्याच्या अखेरीस अशा निष्पर्ण खोडावरच फुलते. सीतेची वेणी पावसाच्या तोंडाशीं लोंबत्या गजऱ्यासारखी फुलते. जमिनींतील कित्येक आमऱ्या कंदरूपानें उन्हाळा काढून पावसाळ्यांत वर येतात. विश्रांतीच्या महिन्यांत पाणी ओतीत राहणें म्हणजे प्रेमानें मारणेंच होय.

गरिबाच्या खिडकीपर्यंत आमरी आली ती प्रयोगशाळेमुळें. तिच्या एका बोंडांत लाखों बीजें असूं शकतात. पण तीं धुळीसारखीं बारीक असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. निसर्गांत एका बुरशीच्या साह्यानें तीं रुजतात, हें फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यानें दाखवून दिलें. अमेरिकेंत लुईस नडसन यानें १९२२ सालीं बुरशीवांचून, साखर घातलेल्या माध्यमावर तीं रुजविलीं. १९६० सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मोरेल यानें कोंबाच्या सूक्ष्म टोंकापासून रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळें आज रोपवाटिकेंत वाढलेली संकरित आमरी सामान्य माणसास परवडते.

तेव्हां डिलाईल रोडवरील संग्रहाचा आरंभ एकाच रोपानें व्हावा, आणि तें रोपवाटिकेंतील संकरित डेंड्रोबियम असावें. कुंडींत माती मुळींच नको. कोळशाचे खडे, विटांचे तुकडे व नारळाचीं सोडणें पुरेशीं आहेत. कुंडीला बाजूंसही भोंकें असावींत. सकाळचें ऊन येणारी पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे रात्रीपूर्वीं पानें कोरडीं होतात. मुळांवरील पांढरें आवरण कोरडें असतां रुपेरी दिसतें व भिजतांच हिरवट होतें. पाणी केव्हां द्यावें हें त्यावरून कळतें. श्रावणांतील झडींत रोप सज्ज्याखालीं घ्यावें. जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहात आहेत. वरच्या मजल्यावर वारा अधिक असल्यामुळें कुंडी लवकर सुकते, हेंही लक्षांत ठेवावें. पहिलें रोप एक वर्ष टिकून पुन्हां फुललें, म्हणजेच दुसरें आणावें.

पावसाळ्यांत घाटांत जाणाऱ्यास फांदीवरची आमरी सहज हातीं लागते. ती मात्र तेथेंच राहूं द्यावी. मुंबईच्या खिडकींत ती बहुधा जगत नाहीं, आणि बीज रुजण्यास बुरशीची गांठ पडावी लागत असल्यानें रानांत तिची जागा लवकर भरून निघत नाहीं. आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ सालीं अंमलांत आलेल्या कराराचें नियंत्रण आहे, आणि १९७६ पासून भारत त्यांत सामील आहे. परंतु सह्याद्रींतील एका फांदीवर पहारा ठेवणें कोणत्याही करारास शक्य नाहीं. तेथें घेऊन जावी ती वही. जागा, झाड व फुलण्याचा महिना यांची नोंद करावी. घरच्या कुंडीच्या फुलण्याची नोंदही त्याच वहींत असावी.