माय, गोळ्या आणि व्हिएन्नाचा कंडक्टर

माय दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या खात होती. बिलोलीतल्या आमच्या घरी फ्रीजवर त्यांची पाकिटं पडलेली असत. तिची हाडं दुखायची, जिना चढताना मांड्यांत जोर राहायचा नाही, मुतखडा तर दोनदा झालेला. "वय झालं की हाडं कुरकुरणारच बाबा," असं ती म्हणायची. हाडं झिजली म्हणजे कॅल्शियम कमी पडलं, मग ते वरून भरायचं. हिशोब आम्हाला इतका सरळ वाटला की रक्तातलं कॅल्शियम कुणी मोजलंच नाही.

शेवटी नांदेडला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते मोजायला लावलं. आकडा आला ११.९. तो साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. पीटीएच नावाचं हार्मोनही वाढलेलं होतं. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो, तेव्हा आमच्या घरातलीच चूक मला शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नात सापडली.

तिथं अल्बर्ट नावाचा एक ट्राम कंडक्टर होता. हाडं इतकी ठिसूळ की मांडीचं हाड मोडलेलं. मानेत थायरॉइडच्या मागं मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. हाडांच्या अशा रुग्णांत त्या सुजलेल्या दिसतात, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. पण हाडं दुबळी झाली म्हणून बिचाऱ्या ग्रंथी जास्त राबतात, अशी त्यांची समजूत. म्हणून डॉ. फेलिक्स मांडल यांनी अल्बर्टला आधी ग्रंथीचा अर्क दिला, मग अपघातात मेलेल्या माणसाच्या ग्रंथी त्याच्या शरीरात बसवल्या. गुण आला नाही. तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी मान उघडून सुजलेली ग्रंथीच काढून टाकली आणि अल्बर्टच्या वेदना थांबल्या. पुढं काही वर्षांनी आजार उलटला, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तोवर कळून चुकलं होतं.

रक्तातलं कॅल्शियम घटलं की या ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. एखादी ग्रंथी बिघडली की रक्तात भरपूर असूनही ती काढतच राहते. कणगीला तळाशी भोक आणि आपण वरून ज्वारी ओततोय, तसं. सांडलेलं मूत्रपिंडात जातं, त्याचा खडा होतो.

गंमत म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या आपल्याकडच्या गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्यांची नोंद केली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये छापलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची उंची सात इंच घटली होती. मानेवर वारंवार शस्त्रक्रिया करूनही गाठ सापडेना. ती १९३२ मध्ये सातव्या खेपेला छातीत सापडली. पुढं थोड्याच दिवसांत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. त्याच बोस्टनमध्ये फुलर ऑलब्राइट यांनी मुतखड्याच्या रुग्णांत हा आजार शोधायला सुरुवात केली. म्हणजे १९३० च्या दशकात! आणि मायचे दोन खडे निघाले तरी आमच्या डॉक्टरांना तो प्रश्न सुचला नाही. माझा राग त्यावर आहे, आणि मलाही सुचला नाही यावर.

(कॅल्शियम वाढण्यामागं दरवेळी हाच आजार नसतो. पीटीएच खाली असेल तर ड जीवनसत्त्वाच्या जादा इंजेक्शनांपासून कर्करोगापर्यंत बरंच तपासावं लागतं.)

स्कॅनमध्ये डावीकडची खालची ग्रंथी उजळली. बोधनमार्गे हैदराबाद गाठलं, शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी मायच्या ओठांना मुंग्या आल्या. डॉक्टरांनी लगेच कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "अरे, आता पुन्हा ह्याच?"

रिकामी झालेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेत होती. या वेळी गोळ्या खरंच लागणार होत्या.