ओल कुणाची?

भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात भिंतीवर उमटणारा तो पिवळसर नकाशा त्याला पाठ असतो. माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो कपाटामागे आहे. दरवर्षी रंगारी येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर 'डॅम्पप्रूफ' मारतो. पुढच्या जुलैत नकाशा परत हजर. माझ्या धंद्यात याला बग लपवणं म्हणतात. म्हणून मी या ओलीचा इतिहास शोधायला लागलो.

कोकणातली जुनी घरं जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. मग ती घरं चार-चार महिने पावसात उभी कशी राहिली? तर त्या लोकांनी पाण्याशी भांडण मांडलंच नाही, त्याची वाट ठरवून दिली. जोतं उंच, म्हणजे जमिनीची ओल लवकर वर चढत नाही. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. भोवती पडवी. पावसाची झड येते त्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. आणि भिंतीला चुना.

चुना ही गंमतशीर चीज आहे. चुनखडी किंवा शिंपले भाजायचे, पाण्यात विझवायचे, वाळूबरोबर घाणीत मळायचे. अनेक किल्ल्यांवर त्या घाणीचा गोल चर आणि दगडी चाक आजही दिसतं. भिंतीत बसल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. पण तो सच्छिद्र राहतो. पावसाळ्यात भिंतीने घेतलेलं पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन निघून जातं. थोडक्यात, ती भिंत ओली व्हायची आणि वाळायचीही.

१८२४मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. १९१४मध्ये पोरबंदरला भारतातला सिमेंट कारखाना सुरू झाला. १९२०च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या, १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारती. सिमेंट झटपट घट्ट होतं, भार पेलतं, कमी जागेत जास्त मजले देतं. लाखो माणसांना शहरात छप्पर मिळालं ते त्याच्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

पण काँक्रीटच्या पोटात लोखंड असतं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे लोखंडाला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की हे कवच संपतं. समुद्राची खारी हवा ते आणखी लवकर संपवते. मग ओल पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून ढकलून काँक्रीट फोडतो. जांभ्याच्या घरातली ओल डाग पाडायची. इथली ओल स्लॅब पाडते.

आणि इथे कायदा येतो. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली बहुतेक जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, पण त्या भाड्यात दुरुस्ती करण्यात मालकाला रस उरला नाही. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि त्यासाठी उपकर लावला. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथून आला. म्हणजे ओलीचा प्रश्न नुसता गवंड्याचा कधीच नव्हता. पैसे कोण देणार, हा तो प्रश्न होता.

आजही तोच आहे. आमच्या सोसायटीत वरचे म्हणतात, "बाहेरच्या भिंतीतून येतंय." सोसायटी म्हणते, "वरच्यांच्या बाथरूममधून येतंय." आदर्श उपविधींनुसार पावसाची, गच्चीची, सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे, संडास-सिंकची घरातली गळती सभासदाकडे. त्यामुळे उगम शोधणं हीच खरी लढाई.

त्यासाठी भिंतीला हात लावण्याआधी तीन गोष्टी करता येतात. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. डाग फक्त पावसात वाढला, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची; बारा महिने वाढला, तर नळ किंवा ड्रेनेजवर संशय. दुसरं, भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, मग खिडकी आणि पंखा पुरे. भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीत आहे. तिसरं, वरच्यांनी परवानगी दिली तर त्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून रंगीत पाणी साठवा आणि एक दिवस खाली वाट बघा.

उगम सापडेपर्यंत रंग लावू नका. न वाळलेल्या भिंतीवर पाणी अडवणारा थर मारला, तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि थोड्या दिवसांनी रंगाला फुगे धरून बाहेर येतं.

आमच्या कपाटामागे पेन्सिलच्या चार रेघा झाल्या आहेत. शेवटची जानेवारीतली, म्हणजे पाऊस निर्दोष. पुढच्या मीटिंगला मी त्यांचे फोटो घेऊन जाणार आहे.