पिसाचा झुकता मनोरा

पिसाचा झुकता मनोरा : इटलीच्या तस्कनी प्रांतात, आर्नो नदीच्या काठी वसलेल्या पिसा शहरातील कॅथीड्रलचे घंटाघर. बांधकाम 1173 ते सुमारे 1370. उंची सुमारे 56 मी., वजन सुमारे 14,500 टन. भिंतीला आतून-बाहेरून संगमरवर आणि मध्ये चुन्यात बसवलेल्या दगडगोट्यांचा भराव. तळमजल्यावर भिंतीला लागून अर्धस्तंभ व कमानी, त्यावर खुल्या सज्जांचे सहा मजले आणि माथ्यावर घंटांचा मजला. घंटा सात; सर्वांत मोठी 1655 सालची. मूळ रचनाकार म्हणून बोनान्नो पिसानो आणि दिओतिसाल्वी ही नावे घेतली जातात. निर्णय झालेला नाही. कॅथीड्रलच्या चौकासह 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश.

या मनोऱ्याच्या नशिबाचा फैसला जमिनीने आणि काळाने केला. त्याचा पाया 19.6 मी. व्यासाचा असून जेमतेम तीन मीटर खोल आहे. त्याखाली सुमारे दहा मीटर नदीमुखाचा गाळ व रेती, आणि त्याखाली जवळजवळ चाळीस मीटर खोलीपर्यंत मुख्यतः समुद्री चिकणमाती आहे. भूजल जमिनीपासून एक-दोन मीटरवरच लागते. मनोरा आजवर सरासरी तीन मीटर खचला असून त्याच्या भाराने चिकणमातीचा वरचा पृष्ठभाग बशीसारखा दबला आहे. पिसातल्या सान निकोला आणि सान मिकेले देल्यी स्काल्त्सी या चर्चचे मनोरेही कललेले आहेत. तेव्हा कलण्याचा सगळा दोष एका रचनाकाराच्या माथी मारता येत नाही.

मनोरा टिकला तो बांधकामात पडलेल्या दोन खंडांमुळे. 1178 च्या सुमारास काम चौथ्या मजल्याशी थांबले ते 1272 मध्ये जोव्हान्नी दी सिमोने याच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाले. 1278 मध्ये सातव्या मजल्याशी ते परत थांबले. घंटांचा मजला तोम्माझो पिसानो याने 1360 नंतर चढवला. ओल्या चिकणमातीवर भार आला की तो प्रथम तिच्यातले पाणी पेलते. हे पाणी अत्यंत सावकाश निचरते, आणि ते निघून गेल्यावरच माती घट्ट होऊन तिची ताकद वाढते. काम सलग चालले असते, तर माती भाराखाली तुटून मनोरा कोसळला असता, हे आधुनिक गणिताने दाखवून दिले आहे. काम थांबले ते पिसाच्या लढाया-अडचणींमुळे, त्यात बांधणाऱ्यांचे शहाणपण कसले, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. पण काम कोणत्या कारणाने थांबले याच्याशी मातीला कर्तव्य नाही. तिला शतकाची उसंत मिळाली, एवढे पुरे झाले.

गवंड्यांचे शहाणपण दिसते ते दगडांत. सुरुवातीला मनोरा किंचित उत्तरेकडे झुकला होता, नंतर दक्षिणेकडे कलू लागला. प्रत्येक वेळी गवंड्यांनी पाचरीसारखे निमुळते थर घालून पुढचे काम ओळंब्यात आणायचा प्रयत्न केला. सातव्या मजल्याच्या कंगोऱ्यावरून घंटांच्या मजल्यावर चढायला उत्तरेकडे चार पायऱ्या आहेत, तर दक्षिणेकडे सहा. या दुरुस्त्यांमुळे मनोऱ्याचा अक्ष वक्र झाला. पायाचा कल आणि सबंध उंचीचा सरासरी कल म्हणूनच एकसारखे नाहीत, आणि कलाचा आकडा वाचताना तो कशाचा आहे हे आधी पाहावे लागते. प्रत्येक थराची उत्तर-दक्षिण जाडी मोजून कलण्याचा इतिहास मांडता आला. लेखी कागदांपेक्षा हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

पुढची हानी झाली ती बहुतांशी उत्साही हातांनी. 1838 मध्ये आलेस्सांद्रो गेरार्देस्का याने जमिनीत गेलेला तळ लोकांना दिसावा म्हणून भोवती चर खणला. दक्षिणेकडे तो भूजलपातळीच्या खाली गेला, पाणी आत घुसले आणि कल वाढला. 1934-35 मध्ये पायाला शेकडो छिद्रे पाडून सिमेंट भरले. मनोरा आणखी झुकला.

1989 साली पाव्हियाचा नागरी मनोरा कोसळून चार जण दगावले. त्यानंतर 7 जानेवारी 1990 रोजी पिसाचा मनोरा बंद करण्यात आला. तेव्हा पायाचा कल साडेपाच अंश होता आणि माथा पायथ्याबाहेर सुमारे साडेचार मीटर गेला होता. माती घट्ट झाली होती, तर धोका कसला, असे कोणी विचारील. कारण असे की उंच, जड वास्तूखालची जमीन तुटली नाही तरी तिची लवचीकता घात करू शकते : थोडा कल वाढला की भार सरकतो, आणि सरकलेला भार कल आणखी वाढवतो. मनोरा सावरण्यासाठी नेमलेल्या, मिकेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखालील समितीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे जॉन बर्लंड होते. त्यांनी 1911 पासूनची मोजमापे तपासली, तेव्हा पायाची उत्तर कड वर उचलली जात असल्याचे दिसले. तिथे वजन ठेवले तर उपयोग होईल, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि 1993 मध्ये उत्तरेकडे सुमारे 600 टन शिसे रचले. 1995 मध्ये शिशाऐवजी पाया ओढून धरणारे नांगर जमिनीत घालण्यासाठी द्रव नायट्रोजनने माती गोठवली, तर मनोरा दक्षिणेकडे सरकू लागला. काम थांबवून शिसे 900 टनांवर न्यावे लागले.

अखेरचा उपाय फेर्नान्दो तेर्रासीना या अभियंत्याने 1962 मध्येच सुचवला होता : उत्तरेकडची माती थोडी थोडी काढायची. फेब्रुवारी 1999 मध्ये चाचणी झाली. मग तिरप्या 41 नळ्यांतून गिरमिटाने 2001 पर्यंत सुमारे 38 घनमीटर माती काढली. कल सुमारे अर्ध्या अंशाने उतरला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या स्थितीला आला. मनोरा सरळच का केला नाही, ही तक्रार मला पटत नाही. वक्र अक्षाचा मनोरा पूर्ण सरळ होणे शक्यच नाही, आणि दगडकामावरचा ताण धोक्याबाहेर आणायला अर्धा अंश पुरेसा होता. पुढे उत्तरेकडच्या भूजलाच्या चढउतारावर निचऱ्याची सोयही केली.

गॅलिलिओने येथून गोळे टाकल्याची कथा त्याचा शिष्य विव्हियानी याच्या चरित्रलेखनातून आली. ती वादग्रस्त आहे.

15 डिसेंबर 2001 रोजी मनोरा लोकांसाठी पुन्हा उघडला. 2008 मध्ये बर्लंड यांनी त्याची हालचाल थांबल्याचे जाहीर केले.