कर्नल मेडोज टेलर : लेखन, लेखकमित्र आणि अनामिक साहाय्यक

सोलापुराहून हैदराबादेकडे निघालें म्हणजे वाटेंत नळदुर्गाचा किल्ला लागतो, आणि उत्तरेच्या अंगास बालाघाटाच्या डोंगरावर तुळजापूर आहे. हीं दोन्ही स्थळें आज धाराशिव जिल्ह्यांत मोडत असलीं, तरी सोलापूरच्या इतिहाससंशोधकास तीं घरचींच होत. या मुलखांत वावरून येथील माणसांवर इंग्रजींत ग्रंथ लिहिणारा परदेशस्थ ग्रंथकार कर्नल फिलिप मेडोज टेलर याच्या लेखनाचा, आणि विशेषतः त्यानें इतरांकडून घेतलेल्या व इतरांस दिलेल्या साहाय्याचा, येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

टेलरचा जन्म लिव्हरपूल येथें २५ सप्टेंबर १८०८ रोजीं झाला. सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८२४ सालीं, एका व्यापारी पेढींत नोकरी मिळेल या आशेनें तो मुंबईस उतरला. परंतु पेढी बुडण्याच्या बेतांत आढळली, व त्याच वर्षीं त्यानें निजामाच्या फौजेंत चाकरी पत्करली. १८३० पूर्वीं पोलिसाच्या कामावर असतां तुळजापूर हें त्याचें ठाणें होतें. पुढें १८४१ पासून १८५३ पर्यंत तो सुरपूर संस्थानच्या कारभारावर होता. १८५३ च्या तहानें निजामानें जे प्रांत इंग्रजांच्या हवालीं केले, त्यांतील नळदुर्गचा जिल्हा टेलरकडे आला, व १८५७ पर्यंत त्याचें वास्तव्य तेथेंच होतें. १८६० सालीं हा जिल्हा निजामास परत मिळाला. टेलरही त्याच वर्षीं सेवानिवृत्त होऊन स्वदेशीं परतला.

त्याच्या लेखनाचा आरंभ एका लेखकाच्या सूचनेनें झाला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या टेलरनें स्वतः लिहून घेतल्या होत्या. त्या काळचा प्रसिद्ध कादंबरीकार एडवर्ड बुल्वर यानें त्यास निरोप पाठविला कीं, हिंदुस्थानची माहिती आपणांस असती तर या विषयावर आपणच कादंबरी लिहिली असती. तेव्हां टेलरनें ती कां लिहूं नये? हा वृत्तांत टेलरनें आत्मचरित्रांत दिला आहे. १८३९ सालीं ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ तीन भागांत छापून निघालें, आणि त्याचें नांव झालें. १८४० पासून १८५३ पर्यंत तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदारही होता. १८७६ सालीं त्याच्या मृत्यूनंतर त्याचें आत्मचरित्र त्याच्या कन्येनें सिद्ध केलें. त्यास त्याचा आप्त व प्रख्यात संपादक हेन्री रीव्ह यानें प्रस्तावना जोडली, व तें १८७७ त प्रसिद्ध झालें. सारांश, टेलरच्या लेखनाच्या आदींही एक लेखक उभा आहे आणि अंतींही.

निवृत्तीनंतर त्यानें १६५७, १७५७ व १८५७ या शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें येणाऱ्या काळांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील पहिली ‘तारा’ १८६३ त निघाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या कल्पिली असून अफझलखानाचा प्रसंग कथेंत गुंफिला आहे. अफझलखानाच्या इतिहासास हें पुस्तक साधन म्हणून घेतां येणार नाहीं. तेथें समकालीन पत्रें व बखरी यांचीच तुलना केली पाहिजे. मात्र देवीचें देऊळ व क्षेत्रांतील राहणी यांचीं वर्णनें तुळजापुरास राहिलेल्या माणसाचीं आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापुरतीं तीं तपासून वापरण्यास हरकत नाहीं.

इतरांच्या ग्रंथांस टेलरनें जें साहाय्य दिलें, त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे १८६६ त निघालेला विजापूरच्या इमारतींवरील मोठा चित्रग्रंथ. कर्नल बिग्ज व मेजर लॉक यांचीं छायाचित्रें, जेम्स फर्ग्युसन याच्या वास्तुविषयक टीपा आणि टेलरचें ऐतिहासिक निवेदन, असा तो संयुक्त उद्योग आहे. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ भागांच्या चित्रसंग्रहांतील कांहीं वर्णनेंही टेलरचींच. स्वतंत्र ग्रंथाची कीर्ति मिळविलेल्या लेखकानें दुसऱ्याच्या चित्रांखालीं मजकूर लिहिण्यास कमीपणा मानला नाहीं, ही गोष्ट त्यास भूषणावह आहे.

परंतु विजापूरच्या त्या ग्रंथाचें मुखपृष्ठ आमच्या वाचकांनीं बारकाईनें वाचावें. ज्यांच्या नकाशांवरून चित्रें तयार झालीं, त्यांत कॅप्टन हार्ट व कमिंग यांचीं नांवें आहेत. त्यांच्या पुढें केवळ ‘एतद्देशीय नकाशाकार’ एवढाच उल्लेख आहे. मिनारांचीं व घुमटांचीं मापें ज्यांनीं कागदावर उतरविलीं, त्यांस तेथें नांव नाहीं. टेलरच्या लेखनाविषयींही हाच प्रश्न पुढें येतो. बुल्वर व रीव्ह यांचें ऋण छापून राहिलें. परंतु देशी माहितगार, कारकून व दुभाषे यांच्यावांचून या मुलखांतील कोणत्याही परदेशस्थ अधिकाऱ्याचें काम चालणें शक्य नव्हतें. लेखकांचें परस्परसाहाय्य हा विषय त्यांस वगळून पुरा होत नाहीं.

अशीं नांवें मुद्रित ग्रंथांत सांपडणें कठीण; तीं दफ्तरांतच शोधलीं पाहिजेत. १८५३ ते १८६० हीं सात वर्षें नळदुर्ग-तुळजापूर भागांत इंग्रजी अंमलाचीं होतीं. त्या काळचीं कुळकर्ण्यांचीं व देशपांड्यांचीं मोडी दफ्तरें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं वसुलीचे निरस कागद म्हणून तीं रद्दींत घालूं नयेत. बंद सुटे करण्यापूर्वीं रुमालाचा मूळ क्रम लिहून ठेवावा, आणि प्रत्येक कागदावरील लेखकाचें नांव व हस्ताक्षर यांची स्वतंत्र यादी करावी. संग्राहक बहुधा शिक्क्यासाठीं कागद जपतात व खालचें ‘दस्तुर’ सोडून देतात. आमची विनंति एवढीच कीं, यापुढें त्या दस्तुराचीही नोंद व्हावी.